हेज आज्ञासंच
टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या मोडेमला मजकुरातून आज्ञा देण्याची पद्धत. डेनिस हेज व डेल हेदरिंग्टन यांच्या अमेरिकन कंपनीने ती १९८१ मध्ये ३०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या ‘स्मार्टमोडेम’मध्ये आणली. बहुतेक आज्ञा ‘एटी’ने सुरू होतात, याच दोन अक्षरांवरून मोडेम संगणकाचा वेगही ताडतो. ‘एटीडीटी’पुढे क्रमांक दिला की टोनने, ‘एटीडीपी’पुढे दिला की पल्सने फोन लागतो, ‘एटीएच’ने तो ठेवला जातो. ‘एटीएम०’ने स्पीकर गप्प होतो, रात्री घरच्यांची झोप राखणारी ही आज्ञा. उत्तर येते ‘ओके’, ‘कनेक्ट’, ‘बिझी’ किंवा वैताग आणणारे ‘नो कॅरियर’.

खरी मेख जोडणी चालू असताना. तेव्हा टंकलेले सारे पलीकडे जाते, मग मोडेमशी बोलायचे कसे? सेकंदभर शांतता, लागोपाठ तीन अधिक चिन्हे (+++), पुन्हा सेकंदभर शांतता. त्यामुळे फायलीत आलेली तशीच चिन्हे सहसा आज्ञा ठरत नाहीत. हेदरिंग्टन यांच्या या युक्तीला १९८५ मध्ये पेटंट मिळाले. ते चुकवण्यासाठी काही स्पर्धकांनी शांतताच वगळली. त्यांच्या मोडेमची जोडणी मग नको तेव्हा तुटू शके. मोबाइल जाळ्यावरील मोडेमही ‘एटी’च्याच आज्ञा घेतात.