स्टॅगचें मैदान

एखादा संघ हरूं लागला म्हणजे लोकांचें बोट प्रथम त्याच्या शिक्षकाकडे वळतें. जिंकला तर यश खेळाडूंचें आणि हरला तर अपयश शिक्षकाचें, असा जगाचा न्याय आहे. अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल-संघाची हकीकत या न्यायाची चांगलीच परीक्षा घेते. १९३२ सालचा त्या संघाचा हंगाम अर्धा आशेंत व अर्धा निराशेंत गेला. ४१ वर्षें संघाला शिकविणारे वृद्ध गुरु दूर झाले आणि नवा शिक्षक आला; परंतु त्यानंतर सात हंगामांतच तो संघ नाहींसा झाला. हा दोष कोणाचा?

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं निराळा. चेंडू लंबगोल, तो हातांत धरून धांवावयाचें किंवा हातानें पुढें फेंकावयाचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चढाई करणाऱ्या बाजूनें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. तें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. अंगावर येणाऱ्याला अडविणें व पाडणें हा खेळाचाच भाग. त्या काळीं चढाई आणि बचाव हीं दोन्ही कामें बहुधा त्याच गड्यांकडे असत. म्हणून धिप्पाड गडी आणि त्यांच्या जागीं उतरावयास ताजे राखीव गडी ज्या विद्यापीठाजवळ अधिक, त्याचें पारडें अखेरीस जड होई.

शिकागो विद्यापीठांत अध्यापनाला १८९२ सालीं प्रारंभ झाला. त्यामागें द्रव्य होतें जॉन रॉकफेलर यांचें आणि कल्पना होती पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची. हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित; परंतु नव्या संस्थेचें नांव घरोघर पोंचवावयाचें तर खेळासारखें साधन नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. येल येथील आपले एक जुने विद्यार्थी, एमॉस अलॉन्झो स्टॅग, यांना त्यांनीं प्रारंभापासूनच बोलावून घेतलें. स्टॅग धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेनें शिकले होते. उपदेशाचें व्यासपीठ सोडून ते मैदानावर आले, तरी तरुणांचें शील घडविणें हेंच आपलें कार्य, अशी त्यांची श्रद्धा होती. हार्पर यांनीं त्यांना अध्यापकाचा हुद्दा आणि कायमची जागा दिली.

या विश्वासाचें चीज झालें. १९०५ सालच्या ३० नोव्हेंबर रोजीं शिकागोनें मिशिगनला २ विरुद्ध ० गुणांनीं हरविलें. त्यापूर्वीं मिशिगनचा संघ लागोपाठ ५६ सामन्यांत अजिंक्य राहिला होता. १८९९ ते १९२४ या काळांत मध्य-पश्चिमेकडील मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेचें अजिंक्यपद शिकागोनें सात वेळां मिळविलें. पुढें ही संघटना ‘बिग टेन’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. शिकागोच्या मैदानालाहि स्टॅग यांचेंच नांव मिळालें.

परंतु १९२४ चें अजिंक्यपद हें शेवटचें ठरलें. भोंवतालची परिस्थिति पालटत होती. ओहायोनें १९२२ सालीं, इलिनॉयनें १९२३ सालीं आणि मिशिगननें १९२७ सालीं प्रचंड क्रीडागारें उभारलीं. तीं भरावयाचीं तर विजयी संघ हवा, आणि विजयी संघ हवा तर गड्यांचा शोध हवा, असें चक्र सुरू झालें. शिकागोचा आलेख मात्र हेलकावे खाऊं लागला. १९२८ सालीं दोन विजय आणि सात पराभव; १९२९ सालीं सात विजय आणि तीन पराभव; १९३० सालीं पुन्हां दोनच विजय.

१९३२ च्या हंगामांत हा हेलकावा एकाच वर्षांत दिसला. पहिल्या चार सामन्यांत शिकागो एकदांहि हरला नाहीं. मन्मथ, नॉक्स आणि इंडियाना यांच्यावर विजय मिळाला आणि स्टॅग ज्या येलचे एके काळचे नामांकित खेळाडू, त्या येलशीं ७-७ अशी बरोबरी झाली. पुढचे चारहि सामने मात्र हातचे गेले. इलिनॉयनें १३-७ असें हरविलें, पर्ड्यूनें ३७ गुण केले व एकहि गुण दिला नाहीं, मिशिगन १२-० असा जिंकला आणि विस्कॉन्सिननें १८-७ असा शेवट केला. स्टॅग यांच्या शिकागोमधील कारकीर्दीचा शेवटहि तोच.

त्या वर्षीं स्टॅग यांना सत्तर वर्षें पूर्ण झालीं होतीं व सत्तराव्या वर्षीं निवृत्ति हा विद्यापीठाचा नियम होता. अध्यक्षपदावर १९२९ पासून रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे होते; पद स्वीकारलें तेव्हां त्यांचें वय अवघें तीस. स्टॅग यांना दुसरें मानाचें काम देऊं करण्यांत आलें, पण ज्याला मैदानच हवें त्याला खुर्ची काय कामाची? ते कॅलिफोर्नियांतील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा संस्थेंत शिक्षक म्हणून निघून गेले.

त्यांच्या जागीं १९३३ सालीं क्लार्क शॉनेसी आले. हे डावपेचांचे मोठे अभ्यासक. त्यांच्या हाताखालीं जे बर्वांगर हा शिकागोचा सर्वांत नामवंत गडी चमकला. पुढें हाइझमन यांच्या नांवानें प्रसिद्ध झालेलें पारितोषिक १९३५ सालीं प्रथमच देण्यांत आलें, तें त्यालाच. तरीहि त्या वर्षीं संघाचे चार विजय व चार पराभव झाले. बर्वांगर गेल्यावर तर उतरण सुरू झाली. १९३७ सालीं सातांपैकीं एकच सामना शिकागोनें जिंकला.

याचें खरें कारण मैदानाबाहेर होतें. १९३१ पासून विद्यापीठानें नवी अभ्यासपद्धति सुरू केली होती. वर्गांतील हजेरीपेक्षां सर्वंकष परीक्षेला महत्त्व आलें. प्रतिस्पर्धी विद्यापीठांत शारीरिक शिक्षणासारखे अभ्यासक्रम होते व त्यांत खेळाडूंची सोय लागे. शिकागोंत तसा आसरा नव्हता. खेळाकरितां विद्यार्थीवेतन देऊन गडी जमविण्याचेंहि विद्यापीठाच्या मनांत नव्हतें. पदवीपूर्व मुलांची संख्या थोडी आणि संशोधन करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. अशा ठिकाणीं संघ उभा करावयाचा कोणांतून? हचिन्स यांचें मत तर उघड होतें. तिकिटांच्या उत्पन्नासाठीं विद्यापीठें आपलें मुख्य कार्य विसरतात, असें त्यांनीं १९३८ सालीं एका लोकप्रिय साप्ताहिकांत लिहिलें. सामन्यांचें तिकीट दहा सेंटांवर आणावें, अशीहि सूचना केली.

त्याच वर्षीं दैवानें एक विलक्षण भेट घडविली. स्टॅग आपला पॅसिफिकचा संघ घेऊन शिकागोला आले आणि आपल्याच नांवाच्या मैदानावर त्यांनीं आपल्या जुन्या विद्यापीठाला ३२-० असें हरविलें. वृद्ध म्हणून निवृत्त झालेल्या गुरूंचें वय तेव्हां ७६ होतें.

१९३९ चा हंगाम शेवटचा. वॉबॅश आणि ओबर्लिन या लहान महाविद्यालयांवर विजय मिळाले. पण हार्वर्डनें ६१, मिशिगननें ८५ आणि ओहायो स्टेटनें ६१ गुण केले. सहा सामने शिकागो हरला आणि त्या सहांत मिळून त्याला एकहि गुण मिळवितां आला नाहीं. २१ डिसेंबर १९३९ रोजीं विश्वस्तांनीं आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद करण्याचा निर्णय घेतला.

यापुढील घटना निवाडा करावयास पुरेशा आहेत. शॉनेसी १९४० सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले. तेथील संघानें आदल्या वर्षीं एकच सामना जिंकला होता. शॉनेसी यांच्या नव्या व्यूहरचनेनें तोच संघ त्या हंगामांत सर्वच्या सर्व सामने जिंकला आणि १ जानेवारी १९४१ रोजीं रोझ बोलच्या सामन्यांत त्यानें नेब्रास्कालाहि हरविलें. स्टॅग यांनीं पॅसिफिकमध्यें १९४६ पर्यंत शिकविलें. १९४३ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, देशांतील उत्कृष्ट शिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला. १९६५ सालीं ते निवर्तले तेव्हां त्यांनीं वयाचीं १०२ वर्षें पूर्ण केलीं होतीं. शिकागोंत दोघेहि अपयशी ठरले आणि शिकागोबाहेर दोघांनींहि यश मिळविलें. मग उणेपणा शिक्षकांत होता, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

हचिन्स यांचें तत्त्व चुकीचें होतें, असें याच्यावरून ठरत नाहीं. विद्यापीठानें ज्ञानाला अग्रस्थान द्यावें, हें कोण नाकारील? टीका करावयाची असेल तर ती मधल्या सात वर्षांवर करावी. त्या काळांत विद्यापीठानें संघाला पुरेसे गडी दिले नाहींत आणि त्याला स्पर्धेंतून मोकळेंहि केलें नाहीं. शनिवारमागून शनिवार मूठभर तरुण आपल्याहून बलाढ्य संघांपुढें उभे राहिले व मार खाऊन परतले. वडीलधाऱ्यांच्या अनिश्चयाची किंमत मुलांनीं मोजली. गुरु बदलून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता; संस्थेला काय हवें, हें संस्थेनेंच ठरवावयाचें होतें.

रिकाम्या झालेल्या त्या मैदानाच्या प्रेक्षकसज्जांखालीं, एका स्क्वॉशच्या अंगणांत, २ डिसेंबर १९४२ रोजीं एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अणुविघटनाची नियंत्रित शृंखला प्रथमच साध्य केली. १९५७ सालीं जुने सज्जे पाडण्यांत आले आणि १९७० सालीं त्या जागीं विद्यापीठाचें भव्य ग्रंथालय उघडलें. परंतु त्याच्या एक वर्ष आधीं, १९६९ सालीं, शिकागोंत विद्यापीठाचा फुटबॉल-संघ पुन्हां उभा राहिला होता. या वेळीं सामने होते आपल्या तोलाच्या लहान महाविद्यालयांशीं. ग्रंथालय आणि मैदान यांचें वैर तेथें कधींच नव्हतें. दोहोंचें प्रमाण ठरविण्यास मात्र विद्यापीठाला तीस वर्षें लागलीं.