हाइन, लुईस विक्स
(२६ सप्टेंबर १८७४–३ नोव्हेंबर १९४०). अमेरिकेतील बालमजुरी छायाचित्रांतून उघड करणारे छायाचित्रकार. जन्म विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे. तरुणपणी त्यांनी कारखान्यात मजुरी केली, पुढे समाजशास्त्राचा अभ्यास केला. न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये शिक्षक असताना एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची छायाचित्रे ते काढू लागले. १९०८ मध्ये राष्ट्रीय बालकामगार समितीने त्यांना छायाचित्रकार म्हणून नेमले.

कारखानदार आत सोडत नसत. मग हाइन कधी बायबल विकणारे, कधी आगीची तपासणी करणारे निरीक्षक बनून शिरत. सोबत पेटीचा जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि उजेडासाठी मॅग्नेशियमची भुकटी. कोटाच्या कोणत्या बटणापर्यंत मूल पोहोचते, यावरून ते त्याची उंची ताडत. नाव, वय, मजुरी, कामाचे तास हे सारे खिशातल्या वहीत टिपत. या नोंदींमुळेच त्यांचे छायाचित्र पुरावा ठरते. त्या वगळून नुसती चित्रे छापणे हा हाइन यांच्यावर अन्याय आहे.

जॉर्जियातील मेकनच्या सूतगिरणीत तुटलेला धागा जोडण्यासाठी यंत्रावर चढलेली अनवाणी मुले (१९०९), पेनसिल्व्हेनियातील पिट्स्टनच्या खाणीवर धुळीत ओणवून कोळशातले दगड वेचणारी मुले (१९११) ही त्यांची गाजलेली छायाचित्रे. वर्तमानपत्रे विकणारी पोरे आणि न्यूयॉर्कच्या चाळींत आईबरोबर कागदी फुले करणारी लेकरेही त्यांनी टिपली. हाइन यांच्या छायाचित्रांतली मुले बहुधा थेट कॅमेऱ्याकडे पाहतात. त्यांची कीव करावी असे हाइन यांना वाटत नव्हते. एकेका मुलाचा चेहरा ओळखीचा व्हावा, ही त्यांची धडपड होती.

समितीने ही चित्रे पत्रके, प्रदर्शने व व्याख्यानांतून लोकांपुढे नेली. १९१६ चा बालमजुरीविरोधी संघराज्य कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला. देशव्यापी बंधने टिकली ती १९३८ च्या कायद्याने. त्याचे श्रेय एकट्या हाइन यांचे नाही, परंतु लोकमत तयार करण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

एम्पायर स्टेट बिल्डिंग उभारणाऱ्या कामगारांची छायाचित्रेही त्यांचीच (१९३०–३१). अखेरची वर्षे हलाखीत गेली, घरही हातचे गेले. बालकामगारांची त्यांची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.