शेअर सर्टिफिकेटवर नाव कोणाचं?



आपल्या मंगळवार पेठेत जुने वाडे उतरतात आणि त्या जागी चार मजले उभे राहतात. वाड्यात वाटणीचं भांडण दिराशी, पुतण्याशी व्हायचं. आता घरचा कर्ता गेला की बाईला आणखी एका दारात उभं राहावं लागतं, ते म्हणजे सोसायटीच्या कमिटीच्या. "कागद आणा, मग बघू" म्हणता म्हणता वर्ष सरतं. म्हणून आपला हक्क कसा घडत आला, ते आज सांगते.

जैन विधवेचा हक्क तसा जुना. 1878 साली उत्तरेतल्या एका सरावगी अगरवाल जैन विधवेचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. निपुत्रिक विधवेला नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पूर्ण मालकी आणि परवानगीशिवाय दत्तक घेण्याचा अधिकार, ही त्या समाजाची रूढी तिथे मान्य झाली. एरवी हिंदू विधवेला तेव्हा हयातीपुरताच हक्क असे. पुढे 1956 चा हिंदू वारसा कायदा आला. तो आपल्यालाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि नवऱ्याची आई एकाच वेळी वारस होतात.

सोसायटीची गोष्ट मुंबईत सुरू झाली. गावदेवीला 1915 मध्ये सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. अशा संस्थेत इमारत संस्थेची, सभासदाकडे शेअर आणि घर वापरण्याचा हक्क. त्यामुळे दप्तरात नाव चढवणं कमिटीच्या हाती आलं आणि अडवणुकीची वाटही तिथेच उघडली.

ती वाट कायद्याने हळूहळू अरुंद केली. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने सभासदत्व नाकारलेल्याला निबंधकाकडे अपिलाची सोय दिली आणि संस्थेच्या कारभाराचे वाद सहकार न्यायालयात नेले. 2001 मध्ये शासनाने हस्तांतर प्रीमियमला महापालिका हद्दीत 25,000 रुपयांची मर्यादा घातली. वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावे घर होताना तर तो प्रीमियम मागताच येत नाही. 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आलं. त्यानुसार सभासद वारल्यावर कायदेशीर वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेता येतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुलाचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी आईचा आणि बहिणीचा वाटा संपत नाही. आणि वारस कोण, हे कमिटी ठरवत नाही. वाद असेल तर ते काम दिवाणी न्यायालयाचं.

आपल्याकडे बऱ्याच इमारती सोसायटी नसून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे फ्लॅट आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा थेट मालकाचा असतो, म्हणून नियम वेगळे. आपली इमारत कोणत्या कायद्यात बसते, ते आधी डिक्लेरेशन किंवा नोंदणीपत्र पाहून ठरवा.

घरचे हयात असतानाच शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशनची प्रत कपाटातून काढून वाचा. जमलं तर दोघांची नावं लावून घ्या. अर्ज नेहमी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं दप्तरात राहत नाही. गेल्या वर्षी, ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसू लागलं आहे. वरच्या दादेसाठी आता मुंबईची गाडी पकडायला नको.