श्रद्धेचा जमाखर्च



'श्रद्धेवर जगणे' हा विचार ख्रिस्ती धर्मात फार जुना आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथात तो येतो, संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो उचलला, आणि सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने त्याच पायावर धर्मसुधारणा उभारली. परंतु कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माझ्यासारख्याच्या मनात हा शब्द ऐकताच एक शंका येते. ज्याच्या घरची चूल थंड आहे त्याला 'श्रद्धा ठेव' असे सांगणे, ही पोट भरलेल्यांची सोय तर नव्हे? ही शंका बाजूला न ठेवता आज मी एका माणसाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. त्याने श्रद्धेवर नुसते प्रवचन केले नाही. तिचा जमाखर्च लिहून ठेवला.

जॉर्ज म्युलर याचा जन्म १८०५ साली प्रशियात झाला. बाप सरकारी करवसुली करणारा. मुलगा मात्र बापाच्याच ताब्यातील पैसे चोरणारा आणि खाणावळीची बिले बुडवून सोळाव्या वर्षी तुरुंगात गेलेला. १८२५ मध्ये हाल्ले येथे विद्यार्थी असताना एका घरगुती प्रार्थनासभेत त्याचे मन पालटले. १८२९ साली तो इंग्लंडला आला आणि टेनमथ गावी उपदेशक झाला.

तेथे पहिलाच प्रश्न उभा राहिला तो पगाराचा. त्याला वर्षाला ५५ पौंड मिळत, आणि हे पैसे चर्चमधील बाकांच्या भाड्यातून येत. ज्याचे भाडे जास्त त्याचे बाक पुढे. गरिबाने मागे बसावे. देवाच्या घरात ही प्रतवारी त्याला मानवेना. १८३० च्या ऑक्टोबरात त्याने ठरलेला पगार सोडला आणि चर्चमध्ये एक पेटी ठेवली. ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने त्या पेटीत टाकावे. पगारासाठी झगडणाऱ्या आम्हा लोकांना हे उफराटे वाटेल. पण त्याने नाकारला तो श्रमाचा मोबदला नव्हे, श्रीमंत-गरीब भेदावर उभा असलेला पैसा, हे ध्यानात घ्यावे.

१८३२ साली तो ब्रिस्टलला गेला. तेथील एका कारागिराची हकिगत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. हा गृहस्थ रोज चौदा ते सोळा तास राबे. शरीर खंगलेले, मनाला स्वस्थता नाही. थोडे कमी काम कर म्हटले, तर तो म्हणे, मग घर कसे चालेल? म्युलरला वाटले, की देव आजही सांभाळतो याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा अशा माणसांपुढे ठेवला पाहिजे. म्हणून १८३६ च्या एप्रिलात विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात त्याने अनाथ मुलींसाठी आश्रम उघडला.

नियम कडक होते. कर्ज काढायचे नाही. कोणापुढे हात पसरायचा नाही; मागायचे ते प्रार्थनेत. आलेल्या प्रत्येक पेनीचा हिशोब छापायचा. १८३८ मध्ये तिजोरी रिकामी झाली, तेव्हा त्याने फक्त सहकाऱ्यांना एकत्र बोलावून खरी स्थिती सांगितली. बाहेर कोणाला कळू दिले नाही. सहकाऱ्यांनी स्वतःजवळचे होते नव्हते ते पुढे केले. टीकाकार म्हणत, की वार्षिक अहवाल हीच याची भीक मागण्याची युक्ती. १८४१ च्या डिसेंबरात अत्यंत नड असताना त्याने तो अहवाल आणि त्याच्या सभा मुद्दाम पुढे ढकलल्या. टीकेला याहून सरळ उत्तर कोणते?

१८४९ ते १८७० या काळात ॲशली डाऊन टेकडीवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत २,०५० मुलांची सोय झाली. त्याच्या हयातीत दहा हजारांहून अधिक अनाथ सांभाळले गेले आणि चौदा लाख पौंडांहून अधिक रक्कम त्याच्या हातून गेली. १८९८ साली तो वारला, तेव्हा त्याची स्वतःची मालमत्ता दोनशे पौंडांचीही भरली नाही. मुलांना तो लिहायला-वाचायला शिकवी आणि मुलग्यांना धंद्याला लावून देई. यावर आक्षेप काय, तर गरिबांच्या पोरांना त्यांच्या पायरीबाहेर शिकवून हा गिरण्यांचे आणि खाणींचे मजूर पळवतो! ज्या श्रद्धेवर असा आरोप येतो, तिला अफूची गोळी म्हणणे कठीण आहे.

तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्या चौदा-सोळा तास राबणाऱ्या कारागिराचे तास म्युलरच्या आश्रमाने कमी झाले नाहीत. कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांना दहा तासांचा दिवस मिळाला तो १८४७ च्या कायद्याने, आणि तो कायदा चळवळीने मिळवला. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. अनाथाला आश्रय देणे हे श्रद्धेचे काम. मुले अनाथ का होतात हे विचारणे हेही काम कोणीतरी केलेच पाहिजे. दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत असा हट्ट मात्र इतिहासाकडे धरता येत नाही.

या माणसाचा धागा आपल्या प्रांतापर्यंत येतो. पंडिता रमाबाईंनी म्युलरचे चरित्र वाचले होते, आणि केडगावचे काम त्याच वाटेने नेण्याचा निर्धार केला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. जागा अपुरी, पाणी अपुरे. पण मुक्तिसदनात मुलींना बसवून खाऊ घातले नाही. शेती, विणकाम, छापखाना चालू झाला. पुढे बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलाच्या छपाईत याच स्त्रियांचे हात होते. कालपर्यंत जिला अक्षर ठाऊक नव्हते तिने खिळे जुळवले. श्रद्धेने येथे हाताला काम दिले.

म्हणून माझ्या शंकेचे उत्तर मला असे दिसते. श्रद्धा दुसऱ्याच्या उपाशी पोटावर लादली, तर ती फसवणूक होय. परंतु ज्याने स्वतःचा पगार सोडला, कर्ज काढले नाही, पै-पैचा हिशोब चारचौघांत ठेवला आणि दुसऱ्याचे मूल पोटाशी धरले, त्याच्या श्रद्धेचा अधिकार मान्य करावा लागतो. संत याकोबाच्या पत्रातही हाच कस सांगितला आहे: कृतीवाचून श्रद्धा निर्जीव. आपला धर्म कोणता का असेना, चळवळ कोणती का असेना, आपल्या शब्दाला हा कस लावून पाहण्याची तयारी आपण ठेवू या.