चाकोरीबाहेरचं चाक : हिंगोलीची काळी जमीन आणि टायरची निवड

इतिहासाच्या व्याख्यानमालेत टायरचा विषय कशाला, असा प्रश्न काही जणांना पडला असेल. पडू द्या. हिंगोली, वसमत, सेनगावकडे सध्या हळद-सोयाबीनचे पैसे हातात आले की घरातल्या तरुणाला एक थार नाहीतर तशीच उंच गाडी हवी असते. गाडी ठरायच्या आधी वाद होतो तो चाकांवर. सोळा इंची घ्यायची की अठरा? साधी लोखंडी रिम की अलॉय? कंपनीचेच टायर ठेवायचे की शहरातून आणखी मोठे, दातेरी टायर बसवून आणायचे? या जिल्ह्यात हा वाद किमान दोनशे वर्षं चालू आहे, फक्त तेव्हा चाकाला रबर नव्हतं. आज मी त्या वादाबद्दल बोलणार आहे.

इंग्रजीत ज्याला ऑफ-रोड म्हणतात त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, चाकोरीबाहेर. आज आपण तो लेखकांना आणि चित्रपटांना लावतो, पण चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने जमिनीत पाडलेली खोल रेघ. पावसाळ्यात ओल्या मातीत ती पडते, दिवाळीनंतर वाळून दगडासारखी होते, आणि मग वर्षभर प्रत्येक गाडीला त्याच रेघेतून जावं लागतं. चाकोरी सोडणं ही हौस नव्हती, धोका होता. गाडी कलंडायची, आस मोडायची.

याचं कारण आपली माती. वसमतच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात, खोल काळी जमीन आहे. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडे माळ आणि उतार लागतात. तिथे मातीचा थर पातळ, खाली मुरूम. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगा पाडते. ओली असताना ती नुसती घसरडी नसते, ती चिकटते. चपलेला चिकटते, बैलाच्या खुराला चिकटते, चाकाला तर अशी की चार पावलांत चाक दुप्पट जाड होतं. वाळूत आणि बर्फात चालवायचं जे शास्त्र परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगतात, ते इथे निम्मंच लागू पडतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग जुन्या काळी इथे कसली चाकं होती? प्रामाणिक उत्तर असं की लांबच्या वाहतुकीला फारशी चाकंच नव्हती. वऱ्हाड-मराठवाड्यातला कापूस, धान्य, मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जायचं. आज जिल्ह्यात जे तांडे आहेत, त्यांच्या पूर्वजांचा हा धंदा. हजारो बैलांचे तांडे, प्रत्येक बैलाच्या पाठीवर गोण्या. ते चाक वापरत नव्हते म्हणजे मागासलेले होते असं समजू नका. बैलाचे चार पाय ही या जमिनीवरची सर्वात भरवशाची फोर-व्हील-ड्राइव्ह होती. जिथे गाडी रुतते तिथे बैल निघून जातो. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर हा धंदा बसला. तोवर तो टिकला, त्याचं श्रेय बंजाऱ्यांच्या चिकाटीइतकंच मातीच्या चिकटपणालाही आहे.

गावातल्या गाडीचंही तसंच. मुंबई इलाख्यात, सोलापूरकडे टेंभुर्णीला, लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने 1830 च्या दशकात हलकी, आऱ्यांच्या चाकांची गाडी बनवायला सुरुवात करून दिली. त्याआधी त्या भागातल्या गाड्या अवजड, चाकं दगडाची किंवा सलग लाकडाची. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, इथे इंग्रजांच्या हुकमातल्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. पण पुढे दख्खनभर रूढ झालं ते आऱ्यांचंच चाक : मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लाकडी वर्तुळ आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. सुतार आणि लोहार दोघांचं हे संयुक्त काम. धाव लालबुंद करून चढवायची, वर पाणी ओतायचं, ती आकसते आणि सगळं चाक करकचून आवळते. एक खिळा न मारता.

या चाकाचं माप बघा. व्यास मोठा, उंची पार माणसाच्या छातीजवळ जाणारी. रुंदी मात्र दोन बोटं-तीन बोटं. उंच आणि अरुंद. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, बैलाला ओढायला हलकं जातं. अरुंद चाक वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत, मुरमापर्यंत पोचतं आणि तिथे टेकतं. शिवाय चिकट माती धरायला त्याच्याकडे जागाच कमी. ज्या सुताराने हे माप ठरवलं त्याने भूमापन वाचलं नव्हतं, पण त्याला मुरूम किती खोल आहे ते माहीत होतं.

याची दुसरी बाजू, हीच धाव रस्ता कापायची. इंग्लंडमध्ये याच भांडणावर 1753 साली कायदा झाला होता, जड मालगाड्यांची चाकं नऊ इंच रुंद असावीत म्हणून. रस्ता सांभाळणाऱ्याला रुंद चाक हवं, गाडी हाकणाऱ्याला अरुंद. आपल्याकडे असला कायदा गावात पोचला नाही, चाकोऱ्या पोचल्या. गावनकाशावर त्या आजही दिसतात. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. साडेसोळा हा आकडा कुठून आला? मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचा निम्मा. सव्वाआठ म्हणजे पाव. आज पाणंद रस्त्याच्या अतिक्रमणावरून तहसीलमध्ये जी भांडणं चालतात, त्यांच्या मुळाशी दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर काय, हा हिशोब आहे. 2021 मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली ती याच वाटांसाठी.

आता रबर. हवेचं टायर रॉबर्ट थॉमसनने 1845 मध्ये पेटंट केलं, ते विसरलं गेलं, आणि 1888 मध्ये डनलॉपने ते पुन्हा शोधलं. शेतात ते फार उशिरा उतरलं; अमेरिकेत अॅलिस-चामर्स कंपनीने हवेचे टायर लावून ट्रॅक्टर विकायला काढला तो 1932 चा सुमार. पण आपल्याकडे रबराची खरी क्रांती ट्रॅक्टरने नाही, बैलगाडीने केली. टायरगाडी! साखर कारखान्याच्या रांगेत उभी असते ती. तिच्या टायरचं माप अजूनही बाजारात 7.00-19, 8.00-19 असं मिळतं. म्हणजे रिम एकोणीस इंची. मोटारगाडीला एकोणीस इंची चाक म्हणजे आज मिरवायची गोष्ट. आपल्या उसाच्या बैलगाडीला ते कधीपासून आहे. मात्र टायरगाडीने ओझं वाढवलं. बैलाला ओढायला हलकी, म्हणून माणसाने वर जास्त भरलं. ऊसतोड मजुराला आणि बैलाला त्यातून किती आराम मिळाला, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

जीप आली ती युद्धातून. 1940 मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकं फिरणाऱ्या गाडीची मागणी काढली. विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लाखोंनी बनवली. टायर 6.00-16. म्हणजे सहा इंच रुंद, सोळा इंची रिम, एकूण उंची साधारण 28 इंच. आजच्या डोळ्याला सायकलचं वाटावं असं बारीक चाक. त्याची नक्षी मुद्दाम दोन्ही दिशांना सारखी ठेवलेली, पुढे जाताना आणि मागे येताना पकड तीच. 1949 मध्ये महिंद्रांनी मुंबईत माझगावला या जीपची जुळणी सुरू केली. पुढे सामूहिक विकास कार्यक्रम आला, 1952 मध्ये, आणि खेड्याच्या मनात जीप म्हणजे बीडीओ असं समीकरण बसलं. निवडणुकीत त्याच जीपवर कर्णा. नंतरच्या काळात लांब सांगाड्याची कमांडर, आणि तिच्यातून आपली काळी-पिवळी, आत किती माणसं बसली हे ड्रायव्हरलाही सांगता येणार नाही अशी.

जीपच्या रूपाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आज तेच रूप विकलं जातं. समोरच्या उभ्या खाचांची जाळी आधी लोखंडी पट्ट्या जोडून केली होती. फोर्डने पत्रा ठोकून त्यातच नऊ खाचा पाडल्या, कारण ते स्वस्त आणि हलकं होतं. युद्धानंतर नागरी जीपला मोठे दिवे लावले, जागा कमी पडली, खाचा सात राहिल्या. सपाट मडगार्ड का, तर वर सामान ठेवता यावं आणि पत्रा सरळ वाकवता यावा. यातलं काहीही सुंदर दिसावं म्हणून केलेलं नाही. आज शोरूममध्ये ज्याला दणकट लूक म्हणतात तो एका कारखान्याची काटकसर आहे.

पण म्हणून रूप म्हणजे थिल्लरपणा, असं मी म्हणणार नाही. आपला शेतकरी कधीच नुसत्या उपयोगाचा नव्हता. पोळ्याला गाडी रंगवली जायची, आरे एकाआड एक लाल-पिवळे. माल न्यायला जड गाडी, पण लेकीला आणायला छकडा किंवा दमणी, घुंगरू लावून. आजोबांनी दमणी सजवली, नातू अलॉय बघतो. यात मला काही बिघडलेलं दिसत नाही. फरक एवढाच की आजोबांच्या सजावटीने चाकाचं माप बदलत नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये नवी थार आली तेव्हा दोन मापं होती : साध्या प्रकाराला लोखंडी रिमवर 245/75 आर 16, वरच्याला अलॉयवर 255/65 आर 18. आकडे सोडवून बघू. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. सोळा इंचीत भिंत येते 184 मिलिमीटर, अठरा इंचीत 166. चाकाची एकूण उंची मात्र 774 आणि 789, फरक जेमतेम दीड सेंटिमीटर. म्हणजे अठरा इंची घेतल्याने गाडी फारशी उंच होत नाही. वाढतं ते लोखंड किंवा अॅल्युमिनियम, कमी होतं ते रबर. औंढ्याच्या माळावर, गोट्यांतून, हवा थोडी कमी करून जायचं तर ती 18 मिलिमीटर जास्तीची रबरी भिंत कामाची. लोखंडी रिम वाकली तर गावातला माणूस ठोकून सरळ करून देतो. अलॉय तडकली की शहर गाठावं लागतं. माझं मत सोळा इंचीकडे आहे.

आणि रुंदी? कोणी म्हणेल, जुनी जीप सहा इंची चाकावर चिखल कापत जायची, मग आता पावणेदहा इंच कशाला? तर वजन बघा. ती जीप सुमारे 1,100 किलोची, थार 1,700 च्या वर. वजनाला टायरच्या रुंदीने भागलं तर दोन्हीकडे उत्तर इंचाला 180 किलोच्या आसपास येतं. ऐंशी वर्षांत गाडी जड झाली आणि टायर त्याच हिशोबाने रुंद झाले. याच्या पुढे जी रुंदी चढवली जाते, ती काळ्या मातीत उलटते. रुंद टायर वाळूवर तरंगतं. आपल्या चिखलात ते मुरमापर्यंत पोचत नाही, वरच्या वर फिरत राहतं. टायर आणि मडगार्डमधली जागा कमी झालेली असते, तिथे माती ठासून बसते आणि चाक चिखलानेच ब्रेक लागल्यासारखं थांबतं. दातेरी टायरसुद्धा दातांमधली जागा भरली की गोटा झालेल्या टायरसारखंच घसरतं.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. उंच टायरने स्पीडोमीटरही फसतो. 774 च्या जागी 33 इंची, म्हणजे 838 मिलिमीटरचं चाक लावलं, तर काटा 60 दाखवताना गाडी 65 ने पळत असते.

हे सगळं कशासाठी महत्त्वाचं? कारण ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, पाणंद बंद होते. तांड्यावर कोणाला कळा सुरू झाल्या तर रुग्णवाहिका डांबरी सडकेवर थांबते आणि पुढचे दोन किलोमीटर जे चाक जाईल त्यावर माणूस अवलंबून असतो. गावात अशी एखादीच गाडी असते. ती कोणाच्या हौसेची असली तरी त्या रात्री ती गावाची होते, आणि तिचं टायर कोणतं आहे याला अर्थ येतो. ट्रॅक्टर त्या वेळी जातो हे खरं, पण ट्रॉलीत बाईला झोपवून नेणं काय असतं ते नेलेल्यांना विचारा.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या जीपच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे चार फूट, थारचं पाच. शेतवाटेवर आता चाकोरी ट्रॅक्टरची असते, आणि ट्रॅक्टरच्या चाकांमधलं अंतर पिकाच्या ओळीप्रमाणे बदलता येतं. म्हणून गाडी घेण्याआधी मीटरचा टेप घेऊन आपल्या वाटेची चाकोरी मोजा. एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर अशी गाडी रोज चालणार असेल, तर शोरूमचा माणूस ते सांगणार नाही.

राहता राहिली स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे 1904 च्या सुमारास जादा चाक विकणारं दुकान होतं. इंग्रज तो शब्द विसरले, आपण धरून ठेवला. मागच्या दाराला लटकलेली स्टेपनी हा या गाड्यांचा दागिना आहे, मान्य. पण चारही टायर बदलून मोठे केले आणि स्टेपनी जुन्या मापाची ठेवली, तर फोर-व्हीलमध्ये लहान-मोठी चाकं एकत्र फिरतात आणि ताण गिअरवर येतो. टायर घ्यायचे तर पाच घ्या. वेळ झाली आहे, प्रश्न घेऊया.