चौथ्या स्ट्रोकची गोष्ट

चार स्ट्रोकचे इंजिन शिकवताना पहिल्या तीन स्ट्रोकवर आपण बराच वेळ देतो. चौथा मात्र ‘झडप उघडते, दट्ट्या वर सरकतो आणि जळालेला वायू बाहेर जातो’ एवढ्यावर उरकतो. अमेरिकेतील हौशी मोटारवाल्यांनी या चौथ्या स्ट्रोकसाठीच कित्येक दशके घाम गाळला. कारखान्याने बसवलेला बिडाचा मॅनिफोल्ड काढायचा आणि त्याजागी प्रत्येक सिलिंडरसाठी पोलादी पत्र्याची स्वतंत्र नळी जोडायची, हा त्यांचा उद्योग. या नळ्यांच्या संचाला ‘हेडर’ म्हणतात. त्याचा इतिहास म्हणजे ध्वनीच्या धड्यातील परावर्तनाचा एक वेगळाच अध्याय आहे.

सुरुवात १९३२ पासून करू. त्या वर्षी फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन दिले. क्षमता २२१ घनइंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर, आणि शक्ती ६५ अश्वशक्ती. इंग्रजी ‘व्ही’सारख्या दोन फांद्या, प्रत्येकीवर चार सिलिंडर. पण प्रत्येक बाजूला वायू बाहेर पडायला वाटा मात्र तीनच होत्या, कारण मधल्या दोन सिलिंडरना एकच सामाईक तोंड होते. शिवाय हा तप्त वायू ब्लॉकमधल्या पाण्याच्या कप्प्यातून वाट काढत बाहेर येई. त्यामुळे इंजिन तापण्याबद्दल बदनाम झाले.

तरीही दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी ते उचलून धरले. जुन्या मोटारींचे नको ते भाग काढून ते म्युरॉक येथील कोरड्या तलावाच्या सपाट तळावर वेग मोजत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था काढली. पुढे म्युरॉक लष्कराकडे गेले आणि ही मंडळी एल मिराजच्या तलावावर जाऊ लागली. वेल्डिंग करून जोडलेल्या नळ्या त्यांच्या मोटारींवर दिसू लागल्या त्या तेव्हापासून. सिद्धान्त कुणाला ठाऊक असो वा नसो, हातात स्टॉपवॉच होते.

हेडरला खरा वाव दिला तो १९५५ च्या शेव्हर्ले व्ही-८ ने. २६५ घनइंचांचे हे इंजिन हलके, स्वस्त आणि जोरात फिरणारे होते. मुख्य म्हणजे आठही सिलिंडरना बाहेर पडायचे स्वतंत्र तोंड होते. कारखाना मात्र ही चारचार तोंडे एका आखूड बिडाच्या पेटीत एकत्र करी. त्यात कारखान्याचे काही चुकत होते असे आम्हाला वाटत नाही. बीड स्वस्त, टिकाऊ आणि आवाज दाबणारे. रोजच्या प्रवासाला तेवढे पुरते.

मग अडचण कुठे होती? या इंजिनात सिलिंडर १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने पेटतात. विषम आकडे डाव्या फांदीवरचे. क्रम नीट पाहिला तर दिसेल की ५ आणि ७ हे शेजारी लागोपाठ पेटतात, म्हणजे क्रँकशाफ्ट फक्त ९० अंश फिरते तेवढ्यात. ५ चा वायू अजून बाहेर पडत असतानाच ७ ची झडप उघडते आणि तिचा जोरदार लोट आखूड पेटीत ५ ची वाट अडवतो. (अमेरिकन व्ही-८ ची ती प्रसिद्ध गुरगुर याच असमान अंतराने येणाऱ्या लोटांची असते.) स्वतंत्र लांब नळ्या दिल्या की ही धक्काबुक्की कमी होते.

नळीचे दुसरे काम अधिक मजेचे आहे. झडप उघडताच दाबाची एक लाट नळीतून निघते. नळीच्या उघड्या टोकाशी पोहोचली की ती परावर्तित होते, पण उलटी होऊन. गेली दाब घेऊन, आली ती ओढ घेऊन. ही कमी दाबाची लाट झडप मिटण्याच्या सुमारास परतली, तर सिलिंडरमधला उरलासुरला वायू ती खेचून घेते. त्याच वेळी आत येण्याची झडपही उघडू लागलेली असल्याने ताज्या मिश्रणालाही ओढ मिळते.

थोडे गणित करू. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५८० मीटरच्या आसपास असतो. नळी ९० सेंटिमीटरची असेल तर जाऊनयेऊन १.८ मीटर, म्हणजे ३.१ मिलिसेकंद. मिनिटाला ५००० फेऱ्यांना एवढ्या वेळात क्रँकशाफ्ट ९३ अंश फिरते, २५०० फेऱ्यांना केवळ ४६ अंश. म्हणजे एकच लांबी सर्व वेगांना मानवणार नाही. वर्गात वेगवेगळ्या लांबीच्या पीव्हीसी नळ्यांच्या तोंडावर तळहात आपटून पाहा. लांब नळीचा सूर खालचा येतो, कारण लाटेला परतायला अधिक वेळ लागतो.

‘इंजिनाला थोडा मागचा दाब हवाच’ हा गॅरेजमधला लाडका समज इथेच तपासता येतो. फार जाड नळ्या लावल्या की कमी वेगाला ओढ घटते हे खरे, पण ते मागचा दाब गेल्यामुळे नव्हे. वायूची गती मंदावते आणि लाटेची वेळ चुकते म्हणून.

१९६० च्या दशकात प्रयोग पराकोटीला गेले. फोर्डच्या जीटी-४० या शर्यतीच्या मोटारीत एका फांदीच्या नळ्या दुसऱ्या फांदीच्या नळ्यांशी आडव्या नेऊन जोडल्या, म्हणजे प्रत्येक गटात लोट समान अंतराने येतील. दिसायला तो सापांचा वेटोळा. १९६६ ते १९६९ सलग चार वर्षे ले मान्सची शर्यत जीटी-४० मालिकेच्या मोटारींनीच जिंकली. शेव्हर्लेने १९६७ च्या कॅमारो झेड-२८ साठी हेडर देऊ केले, तेही डिकीत ठेवून! बसवायचे विक्रेत्याने.

बसवणे सोपे नसते. वर्षानुवर्षे तापून गंजलेले बोल्ट पान्याला दाद देत नाहीत. जोर लावला तर बोल्ट सिलिंडरच्या हेडमध्येच तुटतो आणि ड्रिल घेऊन बसावे लागते. नळ्या स्टार्टर, स्टिअरिंगचा दांडा आणि स्पार्क प्लग यांच्यामधून वळवाव्या लागतात. प्लगची वायर नळीला टेकली की जळलीच. काही वेळा इंजिन तापून निवल्यावर गॅस्केट दबते, तेव्हा बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. आणि इंजिन आता अधिक हवा घेते, म्हणून कार्बोरेटरचा जेटही बदलावा लागतो.

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर चित्र बदलले. १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकन मोटारींत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला लवकर तापायला हवे, आणि लांब नळ्या तर वाटेतच उष्णता घालवतात. मग इंजिने उलट्या दिशेने बदलत गेली. २०१३ साली आपल्याकडे आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टच्या एक लिटरच्या इंजिनात मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला होता, भोवती पाणी खेळवून. १९३२ च्या इंजिनाला ज्या वाटेने बदनाम केले, तीच पाण्यातली वाट आता मुद्दाम आखलेली. तिथे हेडर जोडायला सिलिंडरवार तोंडेच उरलेली नाहीत.