शहाबादी, कोटा फरशीला घरच्या घरी पॉलिश : ॲसिड नको, पाणी हवं

जव्हार/मोखाडा : पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की घराची साफसफाई निघते. चार महिने चिखलाचे पाय लागून काळवंडलेली फरशी उजळावी म्हणून अनेक जण ॲसिडची बाटली आणतात. फरशीचं नुकसान होतं ते तिथेच.

कर्नाटकातून येणारी शहाबादी, राजस्थानची कोटा आणि ओट्याला लावतात तो आंध्रचा काळा कडप्पा, हे तिन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड चुनखडीला खातं. मळाबरोबर दगडाचा वरचा थरही जातो, फरशी खरबरीत होते आणि पुढे जास्तच मळ धरते. ओळख सोपी आहे : न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब पाच मिनिटं ठेवून पुसा. तिथली चकाकी गेली, तर दगड चुनखडीचा.

पॉलिश कसं करावं?

- फरशी धुऊन घ्या. उकललेले सांधे सिमेंटने भरून चांगले सुकू द्या.
- पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या. आधी 120 नंबर, मग 220, 400 आणि शेवटी 600. नंबर वाढतो तसा पेपर बारीक होतो.
- फरशी ओली ठेवून गोल-गोल घासा. नंबर बदलण्याआधी सगळा गाळ धुऊन काढा. जाड कण राहिला तर ओरखडे पडतात.
- गाळ मोरीत सोडू नका, पाईप तुंबतो. बाहेर खड्ड्यात टाका.

आधी एकाच लादीवर करून बघा. या कामाला पाणी बरंच लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, म्हणून विहिरीला पाणी आहे तोवरच काम उरकलेलं बरं.

जीवाची काळजी

दगड कोरडा घासू नये. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका भरपूर असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मशीन लावायचं तर माहीतगार माणूसच बोलवा. ओल्या जागेत वीज असते, अर्थिंग तपासून घ्या.

पडवी, पायऱ्या आणि न्हाणीला मात्र गुळगुळीत पॉलिश करू नये. पावसात ओल्या पायाने म्हातारं माणूस घसरलं, तर फरशीच्या चकाकीपेक्षा मोडलेलं हाड महागात पडतं.

रोज पुसायला साधं पाणी पुरतं.